मेल्यानंतरची बदली

गाडीचा क्लच गेला होता. मेकॅनिक म्हणाला, "दोन तास धरून चाला, ताई." गॅरेजातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर दोन तास बसण्यापेक्षा पाय मोकळे करावेत म्हणून निघाले आणि मुळा रोडने होळकर पुलाकडे जाताना वॉर सेमेटरीच्या फाटकाशी थांबले. या रस्त्याने मी वीस वर्षं ये-जा करते आहे. आत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. लष्कराच्या शेजारी राहून पुणेकराला एक सवय लागते. लांब भिंत आणि चुना लावलेले दगड दिसले की आपल्याला आत मज्जाव असणार, असं तो धरूनच चालतो. इथे मज्जाव नव्हता. फाटक उघडं होतं.

आत इतकं हिरवं होतं की एप्रिल बाहेरच राहिला असं वाटलं. दगडांच्या रांगा परेडला उभ्या असल्यासारख्या दिसतात, असं मी तिथेच फोनमध्ये टिपलं आणि लगेच पुसून टाकलं. लांबून तसं दिसतं खरं. पण एका दगडापुढे उकिडवं बसलं की परेड मोडते आणि कोणाचं तरी सर्व्हिस बुक उघडून बसल्यासारखं होतं. वर पलटणीचं चिन्ह. त्याखाली नंबर, नंबर नावाच्या आधी. मग हुद्दा, नाव, पलटण, तारीख, वय. त्याखाली क्रूस. आणि अगदी तळाशी, गवताला टेकलेली, घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ.

मी ज्याच्यापुढे बसले होते तो बावीस वर्षांचा पोरगा १९४४ साली गेलेला. त्याच्या दगडावर तळाची ओळ नव्हती. जागा सोडलेली होती, दगड तिथे नुसताच गुळगुळीत होता. घरी विचारणा करणारं पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं तेव्हा उत्तर द्यायला कोणी उरलं नसेल, किंवा आईला काही सुचलंच नसेल. पाण्याच्या नळीने उडालेला मातीचा एक शिंतोडा त्या कोऱ्या जागेवर वाळून बसला होता. तो मी नखाने खरवडून काढला. का काढला, सांगता येणार नाही.

चार दगड पलीकडे एक माळी बसून, गवत कापायच्या मोठ्या कात्रीने, दगडाच्या कडेचं गवत सारखं करत होता. मशीन तिथपर्यंत पोचत नाही. त्याने न थांबताच विचारलं, "कोणाला शोधताय का? प्लॉट नि रांग माहीत असेल तर दाखवतो."

"नाही, सहज आले."

"सहज कोण येतं हो इथे," तो म्हणाला आणि पुढच्या दगडाकडे सरकला.

खडकीची लढाई म्हटली की आपल्याला ५ नोव्हेंबर १८१७ आठवतो. बापू गोखले, पर्वतीवरून बघणारा दुसरा बाजीराव, गणेशखिंडीचा माळ. त्या लढाईचा आणि या सेमेटरीचा संबंध इतकाच की ती हरल्यामुळे इथे इंग्रजांची छावणी वसली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं खडकी त्यांच्या कागदांवर 'किर्की' म्हणून राहिली. दारूगोळ्याचा कारखाना आला, सॅपर्स म्हणजे लष्कराचे इंजिनिअर आले, रेल्वे आली. सेमेटरी मात्र त्या सगळ्यापेक्षा नवी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरची.

इथे दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ जण आहेत. त्या युद्धात पुण्याच्या आसपास काय, अख्ख्या पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात लढाई झाली नाही. सैन्य मात्र होतं, आणि सैन्य जिथे असतं तिथे माणसं मरतातच. कोणी मलेरियाने जातो, कोणी हगवणीने, कोणी टायफॉईडने, कोणी ट्रेनिंगच्या अपघातात. आघाडीवर जाण्याआधी कोणी दवाखान्यात मरतो, तर कोणी आघाडीवरून परत आल्यावर. असे जण जिथे मेले तिथल्या छावणीच्या किंवा गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरले गेले. पुढे इंग्रज गेले, चर्चमधली माणसं पांगली आणि त्या विखुरलेल्या कबरींची कायमची देखभाल करील अशी कोणाची हमी उरली नाही. तेव्हा युद्धात मेलेल्यांच्या कबरी सांभाळणाऱ्या वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने त्या उकरून एका जागी आणायचं ठरवलं. ती जागा म्हणजे खडकी.

म्हणजे यातले कितीतरी जण दोनदा पुरलेले आहेत. सैन्यात माणसाची बदली होते तशी मेल्यावरही बदली झालेली. ऑर्डर निघाली, सामान बांधलं, नव्या ठाण्यावर हजर.

बदलीची वाट बघत बसणं हाही या फौजेचा मोठा उद्योग होता. नाशिकजवळच्या देवळालीला ट्रान्झिट कॅम्प होता. मुदत संपलेले गोरे सोल्जर बोटीची वाट बघत तिथे महिनोन्महिने पडून असायचे. ऊन, ताप आणि रिकामपण यांनी डोकं फिरायचं. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतात ते आपल्या देवळालीवरून. नाशिककरांना याचा अभिमान वाटावा की राग यावा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सेमेटरीतच पहिल्या महायुद्धाचं एक स्मारक आहे आणि मला खरं तिथेच अडकायला झालं. त्यावर १,८०० हून जास्त नावं आहेत. ही माणसं १९१४ ते १८ च्या काळात हिंदुस्थानात मेली आणि आजच्या भारत-पाकिस्तानातल्या नागरी आणि छावणीच्या दफनभूमींत पुरली गेली. त्या कबरी आता सांभाळता येत नाहीत, म्हणून नावं तेवढी इथे. शरीर एका गावी, नाव दुसऱ्या गावी. त्यातल्या ६२९ जणांची गोष्ट आणखी निराळी आहे. ते मुंबईत शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत होते. १९६२ साली त्यांच्या अस्थी उकरून इथे आणल्या आणि पुन्हा पुरल्या. यांची नावंही आली आणि हाडंही आली.

१९६२. पानशेतचा पूर होऊन वर्षही झालं असेल-नसेल. नदीकाठच्या पेठांत घरांच्या जागी अजून मोकळ्या जागा दिसत असतील. वर्षाच्या शेवटी चीनशी लढाई झाली आणि आपले जवान बर्फात मेले. आणि त्याच वर्षी कधीतरी, पंचेचाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या ६२९ गोऱ्या सोल्जरांची हाडं मुंबईहून घाट चढून पुण्याला आली. ट्रकने आली की रेल्वेने, वर काय झाकलं होतं, खंडाळ्याला ड्रायव्हर चहाला थांबला का, या गोष्टी कुठल्या नोंदवहीत नसतात. मला त्याच हव्या असतात.

शिवडीला इतके कसे जमले, याचं उत्तर इराकमध्ये आहे. तेव्हा त्याला मेसोपोटेमिया म्हणत, आणि आमच्या सातारा भागात नुसतं 'बसरा'. युद्ध पेटलं तेव्हा इराकच्या आघाडीवर पहिल्यांदा गेली ती सहावी डिव्हिजन. तिचं नावच पूना डिव्हिजन. तिच्यात इंग्लंडातल्या नॉरफोक आणि डॉर्सेट परगण्यांचे गोरे होते आणि आपल्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या दिशेने निघालेली ही डिव्हिजन जनरल टाऊनशेंडने मागे आणली आणि कुत नावाच्या गावात ती वेढ्यात सापडली. १९१५ च्या डिसेंबरापासून जवळजवळ पाच महिने. घोडे कापून खायची वेळ आली. आपल्या लोकांनी कितीतरी दिवस ते मांस तोंडात घातलं नाही, नि भुकेने वाळत राहिले. २९ एप्रिल १९१६ ला तेरा हजारांच्या आसपास माणसं शरण गेली आणि त्यानंतर तुर्कांच्या कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत किती खपली याची गणती करवत नाही. नॉरफोक आणि डॉर्सेटच्या दोन्ही पलटणींत मिळून इतकी थोडी माणसं कुतच्या बाहेर उरली होती की त्यांची एकच पलटण केली आणि तिला नाव पडलं 'नॉरसेट'.

या आघाडीचे आजारी आणि जखमी बोटींनी मुंबईला यायचे. मुंबईत इस्पितळं पुरेनात. आज जिथे शाळेच्या सहली मूर्ती आणि पेंढा भरलेले प्राणी बघायला जातात, ते काळा घोड्याचं म्युझियम १९१४ ला बांधून तयार होतं, पण ते आधी लष्करी इस्पितळ झालं. म्युझियम म्हणून उघडायला १९२२ उजाडलं. आता त्या घुमटाखाली उभं राहिलं की मला खाटा दिसतात. जे वाचले ते परत गेले, जे नाही वाचले ते गेले शिवडीला.

शिवडीची दफनभूमी १८६० च्या दशकात, म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्डच्या काळात सुरू झाली. त्या आधी तिथे बाग होती, झाडांचा अभ्यास करणाऱ्या सोसायटीची. व्हीटी स्टेशन उभारणारा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स तिथेच आहे, १९०० साली मलेरियाने गेलेला. गंमत अशी की गोऱ्या सोल्जरांना शिवडीतून हलवलं, पण दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात कैदेत मेलेले इटालियन मात्र शिवडीला आणून ठेवले आहेत. भोपाळ, डेहराडून, बंगळूर अशा ठिकाणी ते युद्धकैदी म्हणून होते. जिंकलेले गेले पुण्याला, हरलेले आले मुंबईला. बदल्यांच्या ऑर्डरी कोण काढतं, आणि कुठल्या टेबलावरून, देव जाणे.

या सगळ्याचा हिशोब ठेवणारं जे खातं, ते १९१७ साली जन्मलं. तेव्हाचं नाव इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. 'इम्पीरियल' जाऊन 'कॉमनवेल्थ' आलं १९६० ला. हे खातं निघायच्या आधी साध्या सोल्जरच्या कबरीला दगड मिळेल याची काही शाश्वती नव्हती. अफगाण युद्धात मेलेल्यांसाठी कुलाब्याला बांधलेलं चर्च सगळ्यांना माहीत आहे. पण संगमरवर अधिकाऱ्यांना आणि खंदक बाकीच्यांना, ही जुनी रीत. कमिशनने ती मोडली. सगळ्यांना एकसारखा दगड, जनरलला आणि शिपायाला तोच. श्रीमंत घरच्यांना मुलाचं शव मायदेशी नेता येणार नाही, मोठा चौथरा बांधता येणार नाही. यावरून इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये १९२० साली भांडण झालं. आयांनी अर्ज केले. कमिशन हटलं नाही.

कमिशनचा साहित्यविषयक सल्लागार होता रुडयार्ड किपलिंग. जन्म मुंबईचा, जे. जे. स्कूलच्या आवारातला. त्याचा अठरा वर्षांचा मुलगा १९१५ मध्ये फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला आणि किपलिंगच्या हयातीत सापडला नाही. ज्यांची ओळख पटत नाही त्यांच्या दगडावर काय लिहावं हे त्याने ठरवलं. अर्थ असा, की हा कोण ते देवालाच ठाऊक. साम्राज्याचा इतका ढोल वाजवणाऱ्या माणसाबद्दल मला एरवी प्रेम नाही. पण ही ओळ लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं, हे विसरता येत नाही.

तळाच्या ओळीचेही नियम होते. पहिल्या महायुद्धानंतर घरच्यांना जास्तीत जास्त ६६ अक्षरं मिळायची, शब्दांमधली मोकळी जागाही त्यात धरून. एका अक्षराला साडेतीन पेन्स. आरडाओरडा झाल्यावर पैसे ऐच्छिक केले. न्यूझीलंडने मात्र आपल्या लोकांना ही ओळ घेऊच दिली नाही. एकाला परवडेल, दुसऱ्याला नाही, मग समानता कसली, म्हणून. मला हा हट्ट पटतो, आणि त्या कोऱ्या दगडापुढे बसल्यावर पटत नाही.

इथपर्यंत सगळं कौतुकाचं आहे. पण मी सहज आले नव्हते. माळी म्हणाला ते खरंच होतं.

माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून बसऱ्याला गेला आणि परतला नाही. घरात त्यांना 'बसऱ्याचे आबा' म्हणतात. त्यांचं खरं नाव पुढे माझ्या चुलतभावाला ठेवलं, आणि तो नाव लावतो म्हणून इथे देत नाही. गावात त्यांचा दगड नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात तरी गावाचं म्हणून स्मारक आहे. त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, म्हणून लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. इंग्रजांनी देशभर गावोगावी असे संगमरवरी दगड बसवले होते: या गावातून इतके गेले, पैकी इतके कामी आले. आकडे, बस. खडकीत १,६६८ दगडांवर १,६६८ जणांचा हिशोब आणि गावच्या वेशीवर नुसती बेरीज.

नावांचं हे गणित समजून घ्यायला खडकीपासून फार लांब जावं लागत नाही. आज आपण ज्याला बीईजी, म्हणजे बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, म्हणतो, त्या खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या १९१४ च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्ये होत्या. खंदक खणणारी, पूल बांधणारी माणसं. २८ ऑक्टोबरला त्यांना पायदळासारखं न्यूव्ह शापेल गावावर सोडलं. घराघरांत, बॉम्ब आणि संगिनींनी लढाई झाली. त्यांचा जवळजवळ प्रत्येक गोरा अधिकारी पडला आणि शिपाई किती पडले ते विचारू नका. त्या गावात १९२७ साली हिंदी सैनिकांचं स्मारक झालं आणि त्यावर ४,७०० हून जास्त नावं आहेत. शिपायांची, सफाई कामगारांची, सगळ्यांची नावं, नुसते आकडे नव्हेत. म्हणजे खडकीहून गेलेल्यांचं नाव फ्रान्समधल्या भिंतीवर आणि डॉर्सेटहून आलेल्यांचं नाव खडकीच्या भिंतीवर. एकमेकांचे मेलेले दोघांनी सांभाळायला घेतल्यासारखं.

फ्रान्समध्ये युरोपातली माणसं बघणार होती, तिथे नावं कोरली. बसऱ्याला कोण बघणार होतं? बसऱ्याच्या स्मारकात चाळीस हजारांहून जास्त माणसं धरली आहेत. भिंतीवर इंग्रजांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायाचं मात्र नाव नाही. पलटणीचं नाव आणि पुढे 'इतके इतर' असा आकडा. आमचे बसऱ्याचे आबा त्या आकड्यातले एक. बेरजेतून एक वजा केला तरी कळणार नाही असे.

त्या स्मारकाचीही बदली झाली, हे मला नंतर कळलं. आधी ते बसऱ्याच्या गोदीत होतं. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकुमाने ते तिथून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर बत्तीस किलोमीटरवर नेऊन उभं केलं. मेलेल्याचं नाव नाही आणि ज्या भिंतीवर नाव नाही ती भिंतही जागेवर नाही.

कमिशनने हे कबूल केलं, पण २०२१ साली. त्यांनीच नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिलमध्ये आला. पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार जणांचं स्मरण बरोबरीने झालं नाही, यात बहुतेक हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन, सोमाली. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, असे की ज्यांचं नावानिशी किंवा मुळीच स्मरण नाही. ते मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले. कमिशनने माफी मागितली, ब्रिटिश सरकारने पार्लमेंटमध्ये मागितली. शंभर वर्षांनी मागितलेली माफी कोणाच्या नावे पाठवायची हा प्रश्नच आहे, कारण नाव नाही हीच तर तक्रार आहे.

इंग्लंडात ब्रायटनला ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना टेकडीवर अग्नी दिला, तिथे १९२१ ला पांढरी छत्री बांधली. त्या ५३ जणांची नावं तिथे लागली २०१० मध्ये.

याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. आपण माणूस जाळतो. राखेला प्लॉट नंबर नसतो. कमिशनचा सगळा खर्च सहा देश वाटून घेतात, आणि वाटा ठरतो कबरींच्या संख्येवर. भारताचा वाटा एक टक्क्याच्या आसपास. दोन्ही युद्धांत मेलेले आपले दीड लाखांवर, कमिशनच्या एकूण सतरा लाखांपैकी. टक्केवारी तुम्हीच काढा. पैसे कमी द्यावे लागतात हे बरंच, असं आमचे एक काका म्हणाले. त्यांचं गणित बरोबर आहे.

खडकीत आणखी एक लहान स्मारक आहे, त्यापुढे मी सगळ्यात कमी थांबले आणि नंतर सगळ्यात जास्त आठवलं. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या जवळजवळ दोनशे सैनिकांचं. ब्रह्मदेशच्या जंगलात जपान्यांशी लढायला इंग्रजांनी आफ्रिकेतून तीन डिव्हिजन आणल्या होत्या. त्यांपैकी जे आघाडीपासून लांब, हिंदुस्थानातच मेले आणि ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत किंवा सांभाळता येण्यासारख्या नव्हत्या, ते हे. नायजेरियाच्या किंवा केनियाच्या खेड्यातला पोरगा खडकीत भिंतीवर आहे. त्याच्याही घरी कोणीतरी त्याला 'हिंदुस्थानचे आबा' म्हणत असेल.

आमच्या घरी बसऱ्याच्या आबांची एक वस्तू होती. हाताच्या पंजाएवढी, तळहातावर बसेल अशी काशाची गोल थाळी. युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारने ती पाठवली होती, साडेतेरा लाखांच्या आसपास काढल्या. वर हातात पानांचं गोल कडं घेतलेली ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपातलं ब्रिटन, पायाशी सिंह, कडेने इंग्रजीत 'स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला' अशी ओळ आणि एका चौकटीत उठावाच्या अक्षरात माणसाचं नाव. हुद्दा नाही, नुसतं नाव, कारण मरणात सगळे सारखे. म्हणजे बसऱ्याच्या भिंतीवर जे मिळालं नाही ते आमच्या चुलीपाशी होतं. फक्त घरात इंग्रजी वाचता येणारं कोणी नव्हतं. ब्रिटानियाला बायका 'राणी' म्हणत. पणजीने ती थाळी आधी लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली, लोणचं कळकलं, मग ती हरभऱ्याच्या गाडग्यावर गेली. तिथे ती पन्नास वर्षं होती.

मी ती पाहिलेली नाही. बहात्तरच्या दुष्काळात घरातली भांडी मोडीत गेली, त्यात तीही वजनावर गेली.

मेकॅनिकचा फोन आला की चावी बनवायला माणूस गेलाय, अजून अर्धा तास. क्लचच्या कामात चावी कुठून आली हे मी विचारलं नाही. सेमेटरीच्या पायरीवर बसून फोनवर कमिशनची यादी उघडली. बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली नावं आता या यादीत आहेत, तेव्हाच्या कारकुनांच्या स्पेलिंगमध्ये. कोणाच्या पुढे बापाचं नाव, कोणाच्या पुढे गाव, तालुका. आबांचं नाव मी पाच तऱ्हांनी लिहून पाहिलं. बापाचं नाव जुळणारे दोघे निघाले. एकाच्या पुढे कराड, एकाच्या पुढे नुसतं सातारा. आमचं गाव तेव्हा कुठल्या तालुक्यात होतं यावरूनच घरात दोन मतं आहेत. दोघांच्या तारखा वेगळ्या, साडेतीन महिन्यांच्या अंतराच्या.

गावाला आत्याला फोन लावला. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं पण लक्षात सगळं आहे. तिला सांगितलं, बसऱ्याच्या आबांची तारीख मिळतेय बहुतेक.

ती एकदम सावरून बोलली. "तारीख? मग तिथी काढून घे की गं. आजवर आपन त्येंचा म्हाळ सर्वपित्रीलाच घालतोय, तिथी ठावं न्हाई म्हनून. माझ्या आजीला लई लागून ऱ्हायलं व्हतं त्ये."

मी म्हटलं, "आत्या, पण दोन निघतायत. दोन माणसं, दोन तारखा. आपला कुठला ते कळत नाही."

पलीकडे जरा वेळ काही नाही. मागे कोंबड्या होत्या, कोणीतरी पाणी ओतत होतं.

"दुसऱ्याच्या घरी घालत्यात का म्हाळ?"

"ते कसं कळणार?"

"मग ऱ्हाऊ दी," आत्या म्हणाली. "अवसंलाच घालू. दोघंबी येत्याल."